रुसायची जागा

सूनबाईनं जुनाट दिसते म्हणून खिडकीतली लाकडी बैठक सकाळीच सुताराकडून उखडवून घेतली. दुपारच्या चहाला सासरेबुवांनी नाक मुरडलं आणि सासूबाई फणकाऱ्यानं उठून सवयीनं खिडकीकडे निघाल्या. पाहतात तर तिथे बसायला नुसती हवा! त्या बैठकीवर रुसून त्यांनी एकदा अख्खा उन्हाळा काढला होता. त्या तिथे बसल्या की घड्याळसुद्धा दबकत टिकटिकायचं. आता जायचं कुठे? स्वयंपाकघरात सून म्हणाली, "आई, काही हवंय?" गॅलरीत मुलगा म्हणाला, "बरं नाही का गं?" जिन्याकडे वळल्या तर सुतार ओरडला, "मावशी, खिळे सांडलेत, चप्पल घाला!" कुणी धड रुसूच देईना. घरभर येरझाऱ्या घालून त्या सोफ्यावर नवऱ्याच्याच शेजारी पाठ फिरवून धपकन बसल्या. सासरेबुवा खाकरले. "तिकडे सरका," सासूबाई कडाडल्या, "तुमचा गुडघा लागतोय, मला नीट रुसता येत नाहीये!"