निळ्यात जांभळं

“ह्यात नवीन काय आहे?” सासूबाईंनी माळ परत उजेडाकडे धरली. निळी माळ. आजवर ओवल्या तशीच एक निळी माळ.

समोर दुकानवाली बाई बसली होती. सासूबाई आणि त्यांची सून घरी मण्यांच्या माळा करायच्या आणि ही बाई त्या चौकातल्या आपल्या दुकानात विकायची. एरवी ती उभ्या उभ्या यायची, पिशवी भरायची आणि जायची. आज चक्क खुर्ची ओढून बसली होती.

“मावशी, माझी गंमत करता का? अहो, हिच्यावरून दुकानात दोन बायका भांडल्या. निळं निळं जातं आणि मध्येच जांभळं येतं. पुन्हा निळं. पुढचं जांभळं कुठे येईल, काही अंदाज लागत नाही. मला अशाच हव्यात, होतील तेवढ्या. बाकी सगळं बाजूला ठेवा.”

सासूबाईंनी एकेक मणी अंगठ्याखालून सरकवला. बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्यांना आधी वाटलं. मग वाटलं, दुकानातल्या दिव्यांचा दोष असेल. हल्ली असले दिवे लावतात की त्यात घरचं माणूस ओळखू येत नाही. पण ही बाई तर दिवसाउजेडी, खिडकीसमोर बसून तेच म्हणत होती.

त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून मान खाली घालून सुईत दोरा घालत होती. एरवी तोंडाला खळ नसते, आणि आज नेमकी मुकी झाली होती.

ह्या घरात रंग निवडायचे ते सासूबाईंनी. खिडकीजवळची जागा त्यांची, मण्यांच्या वाट्या त्यांच्यासमोर आणि कात्री दोरीने त्यांच्या गळ्यात. एक मणी रंगाला चुकला तरी माळ तोडायची, मग ती अर्धी असो की पुरी. सुनेच्या कितीतरी तोडल्या होत्या. वर चारचौघांत ऐकवलंही होतं, “ज्या दिवशी माझा रंग चुकेल, त्या दिवशी ही खिडकी तुझी. तोवर बस दाराशी.”

“जांभळं कुठे घालायचं ते ठरवता कसं, मावशी?”

“ते हाताला कळतं,” सासूबाई म्हणाल्या. “सांगून येत नाही.”

“मग करा ना थोडी माझ्यासमोर.”

नाही कसं म्हणणार? त्यांनी सुई घेतली. समोर दोन वाट्या होत्या. एकीत निळे. दुसरीतही निळेच. हल्ली ही सून एका रंगाच्या दोन-दोन वाट्या का भरते कोण जाणे, पण परक्या बाईसमोर घरच्या माणसाला काय बोलायचं. त्यांनी उजवीकडचे चार ओवले, मग डावीकडचा एक, मग पुन्हा डावीकडचाच.

“बघा,” दुकानवाली हसली. “मला वाटलं आता निळा घेणार, तर पुन्हा जांभळाच घेतलात. अशा चकवता तुम्ही.” ती खुशीत उठली. “शिकवून कोणाला येणार आहे हे?” नमुन्याची माळ तिथेच ठेवून ती गेली.

दार लागलं. सासूबाई सुनेकडे वळल्या.

“खरं सांग. ह्यात जांभळं आहे?”

“आहे,” सून म्हणाली.

“पुष्कळ?”

“पुष्कळ.”

“तुला दिसत होतं?”

“पहिल्यापासून.”

“आणि बोलली नाहीस. दातखीळ बसली होती?”

सुनेने दोरा खाली ठेवला. “मला वाटलं, तुम्ही नवा नमुना काढलात आणि मला सांगत नाही. म्हणून मीही विचारलं नाही. दुपारी तुमचा डोळा लागला की तुमच्या माळा घेऊन बसायचे. किती निळ्यांनंतर जांभळा येतो, ते शोधत. काही केल्या मेळ बसेना. वाटलं, आपलीच अक्कल कमी.”

रागवायचं तर कोणावर, ते सासूबाईंना कळेना. त्यांनी गळ्यातली कात्री हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने माळ ओढली.

“आई, काय करताय?”

“रंग चुकलेली माळ ह्या घरात राहत नाही.”

“चुकलेली कशी? लोक भांडतायत तिच्यासाठी.”

कात्री उघडीच राहिली. माळ चुकली म्हणावी तर लोक ती मागत होते, आणि रंग तर आपला चुकला होता, मग ही खिडकी आता कोणाची? दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात एका जागी बसेनात. शेवटी त्यांनी कात्री मिटली आणि भिंतीला हात टेकून उठायला लागल्या.

“ये. बस इथे.”

“नको. तिथे मला ऊन लागतं.”

सून आतून मोठं ताट घेऊन आली. दोन्ही वाट्या तिने ताटात पालथ्या केल्या आणि मणी हाताने वरखाली केले. “आता निवडायचं काही नाही. हाताला लागेल तो ओवा.”

सासूबाई पुन्हा बसल्या. ताट जवळ ओढून, डोळे बारीक करून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“नीट ढवळ,” त्या म्हणाल्या. “ह्या बाजूला नुसतं निळंच राहिलंय.”

सुनेने पाहिलं. त्या बाजूलाही निळं आणि जांभळं अगदी सारखं मिसळलं होतं. तिने ताटात हात घातला आणि पुन्हा ढवळायला लागली.