शेवटच्या डब्याचं चाक

वळण आलं आणि शेवटचा डबा पुन्हा रुळावरून उतरला. आकडा सुटला, डबा सारवलेल्या अंगणात आडवा झाला, आणि पुढचे दोन डबे घेऊन चावीचं इंजिन खडखडत तसंच निघून गेलं.

"पडलो परत माझो झील," काशीबाई म्हणाल्या.

"झील खंय पडलो, काकी? डबो पडलो," गणपत सुतार वरमून म्हणाला.

"डबो कोणाचो?"

गणपतने डबा उचलून त्याला लागलेली माती पुसली. काशीबाईंचा मुलगा जयराम तिकडे भुसावळला मालगाडीवर गार्ड होता. त्यानेच ही खेळण्यातली गाडी गावच्या माणसाबरोबर बोटीने धाडली होती आणि चिठीत लिहिलं होतं, 'आई, शेवटच्या डब्यात मी असतो.' वेंगुर्ल्याला बोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरवताना खोकं फुटलं आणि नेमकं त्याच डब्याचं एक चाक तुटून समुद्रात गेलं. त्या दिवसापासून काशीबाईंच्या घशाखाली पेज उतरत नव्हती.

गणपतचा जन्म बैलगाडीची चाकं करण्यात गेलेला. त्याने शिसवीचं नखाएवढं चाक कातलं, छत्रीच्या काडीचा आस घातला. चाक कसं गुळगुळीत, गरगरीत! तरी डबा चारदा पडला.

"चाकात खोट नाय, काकी. रूळच वाकडे आसत."

"मगे बाकीचे डबे कशे जातत? तू आगगाडी खंय बघलंस रे?"

"तू तरी खंय बघलंस?"

"मी त्याची आवस आसंय."

आईशी वाद कोण घालणार? गणपतने पुढचा चांगला डबा उचलून उलटा केला, आणि लाकडातली गाठ शोधताना मिटायचा तसे डोळे मिटून चाकावरून अंगठा फिरवला. अंगठा अडला. चाकाला आतल्या अंगाने एक ओठ होता. भाताच्या तुसाएवढा. वरून बघणाऱ्याला दिसणारही नाही.

बैलगाडीच्या चाकाला असलं काही लागत नाही. वाट बैलाला ठाऊक असते. इथे बैल कुठला? इंजिन नुसतं ओढतं. धरून ठेवतो तो हा ओठ.

"काकी," तो हळूच म्हणाला, "जयरामाच्या गाडयेक डबे किती?"

"चाळीस म्हणून लिवल्यान हा. कोळशान भरलेले."

गणपतच्या अंगावर काटा आला. सोमवारच्या कीर्तनात बुवा मध्येच हात वर करून टाळ थांबवत आणि देवळात नुसता समईचा उजेड उरे, तेव्हा यायचा तसा. तो उठला, डोणीवर हातपाय धुऊन आला आणि मगच नवं चाक करायला बसला. तासभर त्याने विड्याच्या पानाला हात लावला नाही.

रुळांचं कडं काशीबाईंनी तुळशीच्या कुंडीभोवती मांडलं होतं. मध्ये देव नसेल तर फेरा कसला, असं त्यांचं म्हणणं. गणपतने चावी दिली. वळण आलं. काशीबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला. डबा कलला, थरथरला, आणि रुळाला धरून वळणाबाहेर आला.

"गेलो?" पदराआडून त्यांनी विचारलं.

"गेलो."

"बघूक दी माका! चावी दी परत. पाच फेरे होवंदेत."

गणपतने चावी दिली. मग अंगणात पालथा पडून, गाल सारवणाला टेकवून, त्या तुसाएवढ्या ओठाकडे तो एकटक बघत राहिला.

पाणंदीने चाललेल्या शेजारच्या राधाबाईंना वाटलं, सुतार तुळशीला दंडवत घालतोय. डोक्यावरची पाटी एका हाताने सावरत त्या थांबल्या आणि नमस्कारासाठी मोकळा हात त्यांनी छातीशी नेला.