नवा नियम

बावीस वर्षं चाललेली टीव्हीवरची प्रश्नमंजूषा मिळमिळीत झालीय, असं हेमलताबाई खांबेटेंनीच वाहिनीला कळवलं होतं. ‘चुकणाऱ्याची एक आठवण कायमची पुसा. कोणती, ते आम्हा प्रेक्षकांना ठरवू द्या. आणि घरच्यांचे चेहरे जवळून दाखवा.’ वाहिनीने सगळं मान्य केलं. पहिल्याच भागात एक मास्तर स्वतःचं लग्न विसरला, तेव्हा बाईंनी लगेच मत पाठवलं, ‘आता कुठे कार्यक्रमात जीव आला!’

आज बाई स्वतः स्टुडिओत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. स्पर्धकाच्या खुर्चीत त्यांचा मुलगा निनाद होता. नवव्या प्रश्नाला त्याने आईने घोकून घेतलेलं उत्तर ठणकावून दिलं, आणि तेच चुकलं.

पडद्यावर चार पर्याय आले: पहिली नोकरी, शाळा, मित्र, आई. प्रेक्षकांनी पाच सेकंदांत निकाल लावला.

आठवण पुसणारा टोप डोक्यावरून निघाला, तसा निनादने घाम पुसला. कॅमेरा हेमलताबाईंच्या तोंडाशी आला.

“निनू!” त्या किंचाळल्या.

“या बाई का रडताहेत?” त्याने सूत्रसंचालकाला विचारलं. “यांच्या घरचं कोणी चुकलं का?”

पडद्यावर खाली प्रेक्षकांची मतं सरकू लागली. पहिलंच होतं, ‘मुलगा छान. आईचा चेहरा मात्र अजून जवळून दाखवायला हवा होता.’