पाठीवरचा हात

स्वयंपाकघरात पितळी गिरणीची घरघर सुरू झाली आणि अल्दिनाचं वाक्य अर्ध्यातच तुटलं.

तिची आई शेफिका कॉफी दळत होती. घरात विजेची गिरणी होती, पण आईला हातात ही जुनीच लागायची. साराजेव्होला वेढा पडला त्या हिवाळ्यात कॉफी मिळत नव्हती, तेव्हा तिने हिच्यातच मसूर दळून उकळले होते.

"आई, जरा थांबतेस का? लेख पाठवायचाय."

"मग लिही की! मी काय तुझ्या कानात दळतेय?"

अल्दिना हसली. लेख शहरातल्या धुरावर होता. वर्तमानपत्राला तो संध्याकाळच्या आत हवा होता आणि उद्या कादंबरीचं हस्तलिखित प्रकाशकाकडे जायचं होतं. नवरा कामावर गेला होता. सात वर्षांची हाना मघापासून दारात कपड्यांचे चिमटे मांडून खेळत होती. एवढा तासभरच अल्दिनाचा होता.

कादंबरी वेढ्यात माणसं कशी तगली यावर होती. लोकांनी काय जाळलं, काय खाल्लं, पाणी कुठून आणलं, हे ती दोन वर्षं दारोदार विचारत फिरली होती. आता फक्त पुलाजवळच्या चौकाचं प्रकरण नक्की करायचं होतं. ते तिच्या स्वतःच्या घराचं होतं.

सकाळी ती खालच्या मजल्यावरच्या रेफिककाकांकडे जाऊन आली होती. आई बाजारात गेली होती, म्हणून हानाही सोबत होती.

"टेकडीवरून तो नेमबाज दुर्बिणीतून चौकाकडे बघत असायचा," काका म्हणाले होते. "पहिला धावला की त्याला कळायचं, माणसं निघाली. दुसऱ्यावर तो नेम बसवायचा. तिसऱ्याला मारायचा."

"मग तिसरं कोण जायचं?"

"ज्याच्या त्याच्या घरात ठरलेलं असायचं. आमच्यात मी." काकांनी डावा हात वर केला. त्याला दोनच बोटं होती. "मी स्वस्तात सुटलो. शेजारच्या फिक्रेतचा अर्धा जबडा समोरच्या वाळूच्या पोत्यांवर चिकटला होता. त्याची बायको अंधार पडेपर्यंत खिडकीतून बघत बसली. आणायला कोण जाणार? गेलं की पुन्हा गोळी."

हाना काकांची बोटं मोजत होती.

"आणि आमच्या घरात, काका?"

"ते तुझ्या आईला विचार. दुसऱ्याच्या घरातलं हे कुणी बोलत नसतं, पोरी."

विचारायचं काय? अल्दिना तिथे होती. तेव्हा ती हानाएवढीच होती. सारखी खोकायची, औषध नव्हतं, पाण्याचा एक कॅनही तिला झेपायचा नाही. मेलिहा, तिची थोरली बहीण, दोन दोन उचलायची. त्या दिवशी पाणी भरून परतताना आईसकट तिघी पोत्यांमागे चिकटून उभ्या होत्या. अल्दिनाच्या पाठीत एक हात बसला. जोराचा. ती ठेचकाळत मेलिहाच्या पुढे गेली. मग आई धावत सुटली. मग अल्दिना. मागे फळी मोडल्यासारखा आवाज झाला.

मेलिहा कुशीवर पडली होती. फुटलेल्या कॅनमधून पाणी वाहत होतं, आधी स्वच्छ, मग गुलाबी. तिचा एक पाय रस्ता खरवडत राहिला. आईने अल्दिनाचं तोंड आपल्या कोटात दाबून धरलं होतं, म्हणून दुसरी गोळी तिने फक्त ऐकली.

त्यानंतर घरात मेलिहाचं नाव कुणी काढलं नाही. आई सगळ्यात मोठा तुकडा अल्दिनाच्या ताटात वाढायची, पण तिच्या डोळ्यांत बघायची नाही. अल्दिनाला वाटायचं, माझ्याकडे बघितलं की तिला मेलिहा दिसत असेल.

ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"आई, ते चौकाचं लिहिलंय. छापू का?"

"काय लिहिलंयस?"

"निघायच्या आधी तू मला पुढे ढकललंस. तुला दोघींतली एक निवडावी लागली आणि तू मला निवडलंस."

गिरणी थांबली.

"पोरीसमोर नको."

"तिने सगळं ऐकलंय सकाळी. आई, मी तुला दोष देत नाहीये गं. उलट इतकी वर्षं मला तुझे आभार मानायचे होते."

"आभार?" आईने गिरणीचा दांडा घट्ट धरला. "आईचे कुणी आभार मानतं का? वेडी कुठली."

"मग हो म्हण. नाहीतर नाही म्हण. तू नको म्हणालीस तर ते प्रकरण फाडून टाकते."

"कॉफी होऊ दे आधी. जा, तुझा धूर पूर्ण कर."

घरघर पुन्हा सुरू झाली. गिरणीत दाणे उरले नव्हते. रिकामीच फिरत होती.

अल्दिनाने लेख संपवून पाठवला. तोवर गिरणी बंद झाली होती. आतून आईचा दबका आवाज येत होता, मधूनच हानाचा. काय बोलताहेत ते कळत नव्हतं. बरं वाटलं तिला. नातीशी का होईना, आई मेलिहाबद्दल बोलत असावी. तिने प्रकरण उघडलं आणि शेवटी एक ओळ वाढवली: ज्या हाताने मला पुढे ढकललं, त्या हाताला हे पुस्तक.

हाना दोन्ही हातांनी कप सांभाळत आली. थोडी कॉफी बशीत सांडली होती.

"आजी रडतेय."

"रडू दे, पिल्ला. कधी कधी बरं असतं ते."

"मी चुकीचं मांडलं होतं, आई. आजीने नीट करून दिलं." हानाने खिशातून तीन चिमटे काढले आणि टेबलाच्या कडेवर एकामागे एक उभे केले. "ही पहिली आजी. ही मेलिहा मावशी. आणि ही तिसरी तू. आजीने तुम्हाला असं उभं केलं होतं आणि मग मागे वळून बघितलंच नव्हतं."

तिने शेवटच्या चिमट्यावर बोट ठेवलं.

"मग तू कशी नाही मेलीस, आई?"