खिडकीखालची ओळ

संघमित्राचा अर्ज साहेबांनी तिसऱ्यांदा परत केला.

"कल्पना चांगली आहे मॅडम. पण आपल्याकडे चालत नाही," ते म्हणाले. टेबलावर पाटी होती: प्रबुद्ध वाहुळे, सहायक अभियंता.

तिचं म्हणणं साधं होतं. बोरीवलीतल्या साहेबांच्या या वॉर्ड ऑफिससमोरचा फुटपाथ दर मार्चला उखडायचा आणि पुन्हा ब्लॉक बसवायचे, हा खेळ थांबवा. एकदाच काँक्रीट करा, वीस वर्षं बघायला नको. वाचलेल्या निधीत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला फुटपाथ करा, तिथे तो नावालाही नाही. त्या टोकाला तिची आई राहत होती. जयंतीबाई पूर्वी रोज नॅशनल पार्कच्या गेटापर्यंत चालत जायच्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर आला आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांतून वॉकर जाईना. दोन वर्षं त्या गॅलरीत बसून गेटाच्या दिशेने बघत होत्या. संघमित्राला ते बघवत नव्हतं.

"का चालत नाही?" तिने विचारलं.

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाहेरून सूचना खूप येतात. इथली जमीन वेगळी आहे. ब्लॉक सैल होतात, बसवावे लागतात."

जमीन खरंच वेगळी असावी. सगळा फुटपाथ ठणठणीत राहायचा आणि साहेबांच्या खिडकीखालची एकच ओळ दर वर्षी डुगडुगायची. त्या एका ओळीसाठी सगळा फुटपाथ उखडला जायचा. मार्चअखेर निधी संपला नाही तर पुढच्या वर्षी कमी मिळतो, हे ऑफिसच्या चहावाल्यालाही पाठ होतं.

क्लार्क शीतलने बाहेर गाठून तिला सांगितलं, की साहेबांना मुकादम तोच लागतो आणि टोळीही तीच, जालन्याकडची. काम चालू असलं की साहेब खिडकी सोडत नाहीत. काय ते समजून घ्या. संघमित्राने समजून घेतलं. कुणीही तेच समजलं असतं.

मग ती वरच्या ऑफिसात गेली. तिथे सांगितलं, काम मुद्दाम कच्चं होतं याचा एक फोटो आणा. पुढच्या वर्षी काँक्रीट होईल, टोळी कायमची बंद.

मार्चमध्ये भर दुपारी ती फुटपाथवर पोचली. टोळी जेवून झाडाखाली आडवी झाली होती. खिडकीखाली एकटा म्हातारा रबरी हातोडा घेऊन बसला होता, शेजारी स्टीलचा डबा. संघमित्रा त्याच्याशी बोलत उभी राहिली. डबा गावाकडून आणला का, असं तिने विचारलं. नाही, ऑफिसचा शिपाई रोज आणून देतो, म्हणाला.

घरचं विचारलं तेव्हा त्याचा हात थांबला. बायको नऊ वर्षांमागे गेली. मुंबईतला मुलगा मातीला वेळेवर पोचला नाही. चार माणसांत म्हातारा त्याला बोलून बसला, की तुझी पायरी मी चढणार नाही आणि तू माझी चढू नकोस. पोरगा नंतर दोनदा गावी आला होता. म्हाताऱ्याने दार उघडलं नाही.

"आठवण येत नाही?"

"येती की. रोज येती."

मग तो पुन्हा कामाला लागला. खिडकीखालची शेवटची ओळ आली. त्याने झाडाखालच्या टोळीकडे नजर टाकली, खालची वाळू ओंजळीने उपसून घमेल्यात टाकली आणि पोकळ जागेवर ब्लॉक हलकेच ठेवले.

संघमित्राने मोबाइल वर धरला. हवा तो फोटो समोर होता.

"काका, वाळू का काढली? हे पक्कं कसं बसणार?"

म्हाताऱ्याने मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने मान वर केली. वर काचेमागे साहेब उभे होते.

"पक्कं बसलं," तो म्हणाला, "तर फुडच्या साली माझा परबुद्ध मला कुठनं दिसंल?"