कशेडीची सीडी

"परत कोरी!" बनुबाईनं सीडी ओंकारच्या पुढ्यात आदळली. "ठाण्यात हवालदार माझ्याच तोंडाकडे बघत बसला. दोनदा हसं झालं माझं. कम्पुटर शिकलास का गुरं वळलीस रे?"

ओंकारनं मान वर केली नाही. "फाईल मोठी हाय, आई. दाबून, तुकडे करून पाठवलीय त्यांनी."

बनुबाईचा धाकटा भाऊ महिपती कशेडीच्या जुन्या घाटात गाडीखाली गेला होता. गाडी पळाली. ट्रकच असणार, असं सगळा गाव म्हणत होता. वळणावरच्या हॉटेलाच्या कॅमेऱ्यात सारं आलं होतं. मालकानं ते मुंबईहून नेटवर पाठवलं, ओंकारनं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. पोलिसांना मात्र सीडीच हवी होती.

बनुबाई तेवढ्यावर थांबली नव्हती. तिनं ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं होतं. माझा भाऊ ज्यानं रस्त्यात टाकला, त्याच्या घरात पणती लावायला माणूस उरू नये. गावानं "होय म्हाराजा" म्हटलं होतं. नारळ तिच्या नवऱ्यानं, हैबतीनं फोडला होता.

"पोराला कशाला बोलतेस?" हैबती ओटीवरून म्हणाला. "देवाच्या कानावर घातलंस, आता देव बघंल."

"देवाला डोळे हायत. पोलिसांना सीडी लागते!"

तिनं दोन्ही सीडी पिशवीत टाकल्या, ओंकारचा पेनड्राइव्ह कनवटीला लावला आणि मिळेल त्या गाडीनं पोलादपूर गाठलं.

कम्पुटरच्या दुकानात शर्मिलानं दोन्ही सीडी लावून पाहिल्या. "मावशी, कोऱ्या नायत ह्या. दाबलेल्या फाईलचं गाठोडं बांधलेलं तसंच सीडीवर टाकलंय. आधी ते सोडायचं, तुकडे जुळवायचे, मग सीडी करायची. ओंकारला ठाऊक हाय की! माझ्याकडे होता तेव्हा हेच काम करायचा."

म्हणजे पोरानं मुद्दाम केलं होतं. ट्रकवाल्यानं पोरगा फोडला?

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. ओंकार धापा टाकत आत आला. "आई, घरी चल. नको बघूस."

"कोणी फोडलं रे तुला? मामाच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीस, आन त्याचंच रगत विकलंस?"

"कोणी नाय फोडलं. पाया पडतो तुझ्या."

"पाया पोलिसांच्या पड. सोड गो शर्मिले, गाठोडं!"

पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत सरकत भरली. शर्मिलानं फाईल उघडली. घाट दिसला. धुकं, वळण, रस्त्याच्या कडेला महिपती. समोरून येणारी गाडी पाहून त्यानं ओळखीच्या माणसाला करावा तसा हात वर केला.

ट्रक नव्हताच. जीप होती. वळणावर ती घसरली, आणि महिपती उडाला.

जीप थोडी पुढे जाऊन थांबली. ओंकारनं भिंतीकडे तोंड फिरवलं. बनुबाई पदर तोंडात धरून पडद्याजवळ वाकली. महिपतीचा हात अजून हलत होता.

जीपमधून उतरून त्या हाताकडे बघणारा, आणि मग मुकाट परत गाडीत चढणारा माणूस हैबती होता.