घरचं पाणी

तहावर सही करण्याआधी एकमेकांच्या घरचं पाणी प्यायचं, असा ग्रहसंघाचा रिवाज होता. खाणकामगारांच्या चिमुकल्या चंद्राची प्रतिनिधी महाग्रहाचं पाणी घटाघटा प्यायली. महाग्रहाच्या राजदूतानं मात्र आपल्यापुढचा पेला बोटानं दूर सारला. “तुमचं पाणी घामामुतातून गाळलेलं. नुसती सही उरकू.” मागच्या बाकावर प्रतिनिधीची आई कसनुशी झाली. तीस वर्षं तीच ते पाणी गाळत होती. पण तहाशिवाय चंद्रावर औषधं येणार नव्हती. “जाऊ दे गं,” ती पुटपुटली. लेकीनं लेखणीला टोपण लावलं. “माझ्या पहिल्या दुधाच्या बाटलीत हेच पाणी होतं, राजदूतसाहेब. ते चालत नसेल, तर आमचं खनिजही नेऊ नका.” राजदूतानं नाक मुरडत पेला रिकामा केला. लेकीनं टोपण काढलं. आईनं ताठ मानेनं पुढे येऊन पेला पुन्हा भरला. “लाजू नका, भाऊ. घरचंच आहे.”